‘कामी आले’ – पण कोणाच्या कामी?

कोलकात्याच्या खलाशी-स्मारकावरील ८९६ निनावी मृतांच्या निमित्ताने

युद्धात मेलेल्या सामान्य माणसाविषयी बोलताना मराठी भाषा तीन निरनिराळे सूर लावते. पोवाड्यात तो ‘धारातीर्थी पडतो’. सरकारी पत्रकात त्याला ‘वीरगती प्राप्त होते’. आणि खेड्यातला म्हातारा माणूस नुसते म्हणतो, की तो लढाईत ‘कामी आला’. या तिहींत शेवटचा शब्दप्रयोग सर्वांत खरा आहे. कारण तो उच्चारताच प्रश्न उभा राहतो – कामी आला खरा, पण कोणाच्या कामी? ब्रिटिश साम्राज्यशाहीने आपल्या देशात शहरोशहरी आणि खेडोखेडी युद्धस्मारके उभारली ती हा प्रश्न कोणी विचारू नये म्हणून. आज त्याच दगडांना पुष्पचक्रे वाहणाऱ्या सत्ताधारी वर्गालाही हा प्रश्न नको आहे. म्हणूनच तो विचारणे, आणि मृतांच्या नावागावानिशी त्याचे उत्तर शोधणे, हे काम कष्टकऱ्यांच्या पक्षाने अंगावर घेतले पाहिजे.

शंभर फुटांचा मनोरा आणि ३६ घनफुटांची जागा

कोलकात्यात हुगळीच्या काठी, मैदानाच्या दक्षिण टोकाला, हेस्टिंग्ज भागात नेपियर रोडवर सुमारे १०० फूट उंचीचा एक मनोरा आहे. विल्यम इंग्राम कीर या वास्तुकाराने तो ‘पौर्वात्य’ थाटात बांधला. चारी बाजूंना जुन्या गलबतांची पुढे आलेली तोंडे, वर छज्जे, छोटे मिनार आणि माथ्यावर सोनेरी घुमट. ६ फेब्रुवारी १९२४ रोजी बंगालचे गव्हर्नर लॉर्ड लिटन यांनी त्याचे अनावरण केले. १९१४–१८ च्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्याच्या सेवेत प्राण गमावलेल्या बंगाल, आसाम व उत्तर हिंदुस्थानातील ८९६ खलाशांचे हे स्मारक आहे, असे त्यावरील लेख सांगतो. आकडा अगदी नेमका आहे. आठशे पंचाण्णव नव्हेत, आठशे सत्त्याण्णवही नव्हेत. ज्याने हा आकडा काढला त्याच्यासमोर यादी असलीच पाहिजे. यादी असल्याखेरीज बेरीज होत नाही! तरीही त्या मनोऱ्यावर नाव एकाचेही नाही.

हे खलाशी कोण होते? ब्रिटिश जहाजांवर काम करणाऱ्या हिंदी खलाशांना ‘लास्कर’ म्हणत. कोलकात्याच्या बंदरातून डेकवर चढणारी माणसे बहुतकरून नोआखाली, चितगाव आणि संद्वीप बेटावरची. भट्टीत कोळसा लोटणारी प्रामुख्याने सिल्हेटची. मुंबईच्या बंदरात हीच कामे रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान आणि गोवेकर करीत. नदीने जमीन गिळलेले, सावकाराने घर गिळलेले हे शेतकरी. घाटावरच्या दलालाला आणि सारंगाला लाच चारून त्यांना जहाजावर जागा मिळे. गोऱ्या खलाशाच्या पगाराचा तिसरा ते पाचवा हिस्सा त्यांच्या हाती पडे. १९०६ च्या कायद्याने गोऱ्या खलाशास जहाजावर राहण्यासाठी १२० घनफूट जागा ठरवून दिली. लास्करसाठी ३६ घनफूट पुरेत असे ठरले. जर्मन पाणबुडीचा टॉर्पेडो जहाजाच्या पोटात शिरला की पाण्याच्या पातळीखाली, बॉयलरशेजारी घामाने निथळणारा माणूस सर्वांत आधी मरे. त्याला वर येण्यास शिडी एकच, आणि तीही वाफेने भरलेली. पहिल्या महायुद्धात सुमारे ३,४०० लास्कर असे मेले आणि सुमारे १,२०० शत्रूच्या कैदेत पडले.

आता हा मनोरा कोणाच्या पैशातून उभा राहिला ते पाहा. तो उभारला जहाज कंपन्यांनी आणि व्यापारी पेढ्यांनी! ज्यांनी खलाशाला पगारात तिसरा-पाचवा हिस्सा दिला, तेच त्याच्या मरणाचे यजमान झाले. जिवंत माणसाला ३६ घनफूट आणि मेलेल्याला शंभर फुटांचा मनोरा, हा साम्राज्यशाहीचा हिशेब आहे. त्या हिशेबात नाव बसत नव्हते, कारण नाव आले की गाव येते, गावामागून विधवा येते, आणि विधवेमागून थकलेला पगार व भरपाई यांचा दावा येतो. आकड्याला वारस नसतो.

१९९० च्या दशकात नौदलाच्या पुढाकाराने या मोडकळीस आलेल्या स्मारकाचा जीर्णोद्धार झाला. काम चांगलेच झाले. घुमट पुन्हा उजळला, दिवे लागले. नावे मात्र आली नाहीत.

नाव, आकडा आणि काहीच नाही

कोणी म्हणेल, शंभर वर्षांपूर्वी एवढी नावे कोरणे अवघड होते. हा बचाव कोलकाता शहरच खोडून काढते. याच शहरात कॉलेज स्क्वेअरमध्ये ४९ व्या बंगाली पलटणीचे छोटे स्मारक आहे, आणि तिच्या मृतांची नावे तेथे कोरलेली आहेत. ही पलटण १९१६–१७ मध्ये उभी राहिली, कराचीत शिकली, मेसोपोटेमियात गेली, १९२० मध्ये मोडली. तिला प्रत्यक्ष लढाई फारशी करावी लागली नाही. तिची बरीचशी माणसे रोगराईने गेली. त्या तरुणांच्या मरणाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. पण त्यांच्यामागे शहरातील शिकलेला भद्रलोक समाज होता, वृत्तपत्रे होती, वकील होते. म्हणून त्यांना नावे मिळाली. नोआखालीच्या खलाशामागे कोणी नव्हते, म्हणून त्याला आकडा मिळाला. दोन्ही स्मारके एकाच शहरात, एकाच युद्धाची! दगड कमी पडला असे कोण म्हणेल?

लंडनकडे पाहिले तरी हेच दिसते. डिसेंबर १९२८ मध्ये टॉवर हिल येथे व्यापारी जहाजांवरील मृतांचे स्मारक उघडले. समुद्राखेरीज ज्यांना दुसरी कबर नाही अशा सुमारे १२ हजार जणांची नावे त्यावर आहेत. त्याच जहाजांवर, त्याच टॉर्पेडोने मेलेल्या हिंदी खलाशांची गणना मात्र वेगळी झाली. त्यांच्यापैकी दोन हजारांहून अधिक नावे मुंबईच्या मशीद बंदर भागातील खलाशी निवासात आहेत. म्हणजे कोलकात्याच्या मनोऱ्यावर जी नावे नाहीत त्यांचा शोध मुंबईच्या गोदीलगत सुरू करता येतो! ही गोष्ट मुंबईच्या किती कॉम्रेडांना ठाऊक आहे?

जमिनीवरच्या सैन्यात काय झाले? ब्रिटिश साम्राज्याच्या युद्धकबर आयोगाचे जाहीर तत्त्व मोठे उदात्त होते : मृतांमध्ये हुद्दा, वंश, धर्म यांवरून भेद करायचा नाही. फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेल येथे ७ ऑक्टोबर १९२७ रोजी उघडलेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी मृतांची नावे आहेत, शिपायांसह. तेथे तत्त्व पाळले गेले, कारण तेथे युरोप पाहत होता. दीड वर्षाने, २७ मार्च १९२९ रोजी, बसरा येथे मेसोपोटेमियातील मृतांचे स्मारक उघडले. चाळीस हजारांहून अधिक माणसांचे हे स्मारक. गोऱ्या सैन्यातील साध्या शिपायाचेही नाव तेथे आले. हिंदी सैन्याच्या बाबतीत मात्र अधिकाऱ्यांची नावे आली आणि त्यांच्याखाली ‘व इतर इतके हिंदी सैनिक’ अशी आकड्यांची ओळ आली.

परकीय मजकुराचे मराठी करताना ‘व इतर’ हे शब्द अनुवादकाच्या हातून सहज सुटतात. ते भरतीचे शब्द. त्यांना वजन नसते. बसऱ्याच्या दगडावर मात्र या दोन शब्दांत महाराष्ट्रातील कित्येक गावे गाडली गेली आहेत. १९१५ मध्ये तैग्रिस नदीच्या काठाने बगदादवर पाठवलेली सहावी डिव्हिजन ‘पुणे डिव्हिजन’ होती. १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या. डिसेंबर १९१५ पासून ती कुत येथे वेढली गेली. उपासमारीने खंगून २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसे शरण गेली, आणि त्यांतील कित्येक वाळवंटातील पायपिटीत व कैदेत मेली. सातारा, पुणे, रत्नागिरी, कुलाबा या जिल्ह्यांतील मावळे आणि कुणबी महिना अकरा रुपयांवर तेथे गेले होते. ते ‘व इतर’ झाले!

तिसरी पायरी याहून खालची. हिंदुस्थानातून या युद्धासाठी झालेल्या सुमारे १४ लाखांच्या भरतीत साडेपाच लाखांहून अधिक माणसे बिनलढाऊ होती – हमाल, खेचरवाले, भिस्ती, भंगी, स्वयंपाकी, रस्ते व रूळ टाकणारे मजूर. मेसोपोटेमियासाठी तुरुंगांतून कैद्यांच्या मजूर तुकड्याही उभ्या केल्या गेल्या. शिपायाला युद्धपदक चांदीचे. मजुराला तेच पदक काशाचे. धातूतसुद्धा वर्ग पाळला गेला! या माणसांपैकी कित्येकांच्या मरणाची कोठे नोंदच राहिली नाही. आणि दुसऱ्या महायुद्धाचे काय? १९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये सुमारे तीस लाख माणसे मेली. ते युद्धाचेच बळी होते. साठेबाजीने, युद्धखर्चाच्या महागाईने आणि सरकारने बोटी व तांदूळ उचलून नेल्याने मेलेले. कोलकात्याच्या फुटपाथवर प्रेतांचा खच पडला होता. कॉम्रेड चित्तप्रसाद यांनी त्या काळात मेदिनीपूरमध्ये फिरून उपाशी माणसांची चित्रे काढली, त्यांची नावे-गावे टिपली. सरकारने त्यांच्या ‘हंग्री बेंगॉल’ या पुस्तिकेच्या प्रती जप्त करून जाळल्या. नाव टिपणे हे किती धोक्याचे कृत्य असते, हे साम्राज्यशाहीला आपल्यापेक्षा अधिक कळत होते.

गावच्या पाटीवरचा आकडा

पंजाबपासून महाराष्ट्र आणि मद्रास इलाख्यापर्यंत अनेक गावांत चावडीच्या, शाळेच्या किंवा वेशीच्या भिंतीत एक छोटी संगमरवरी पाटी बसवलेली आढळते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास इतकी माणसे गेली, पैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच तिचा मजकूर. नावे नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. अशा गावांचा अभिमान वृत्तपत्रे दरवर्षी गातात. एका गावातून इतकी माणसे सैन्यात का जातात, हे मात्र कोणी विचारीत नाही. उत्तर जमिनीत आहे. मुरमाड माळ, हुलकावणी देणारा पाऊस, सावकाराचे कर्ज आणि थोरल्या भावालाही न पुरणारी वाटणी. भरतीचा अधिकारी येण्याआधी दुष्काळ त्या घरी येऊन गेलेला असे.

नावे सापडणारच नाहीत, असे म्हणणाऱ्यांसाठी पंजाबचे उदाहरण पुरेसे आहे. १९१९ च्या सुमारास पंजाब सरकारने गावोगावच्या सैनिकांच्या नोंदवह्या केल्या होत्या. बापाचे नाव, गाव, जात, हुद्दा, पलटण, मेला की परतला, सर्व त्यांत होते. सुमारे २६ हजार पाने, ३ लाख २० हजार माणसे. ही पाने जवळजवळ शंभर वर्षे लाहोरच्या संग्रहालयात पडून होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये जालंधर, लुधियाना व सियालकोट या जिल्ह्यांच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या झाल्या, तेव्हा परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबांना पणजोबाचे नाव प्रथमच सापडले. हरवले होते ते कागद नव्हेत. हरवली होती ती शोधण्याची इच्छा.

नाव सापडल्याने काय होते, हे महाराष्ट्राला सांगावे लागू नये. भीमा-कोरेगावचा स्तंभ कंपनी सरकारने आपल्या विजयाची फुशारकी म्हणून उभारला. पण त्यावर शिपायांची नावे होती. ‘नाक’ या प्रत्ययाची महार नावे होती. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले आणि ज्या जातीला पुढे इंग्रजांनीच सैन्याची दारे बंद केली तिच्या माणसांची ती नावे त्यांनी वेगळ्याच अर्थाने वाचली. साम्राज्याच्या दगडातून दलितांचा स्वाभिमान जागा झाला तो नावांमुळे. तेथे नुसता आकडा असता तर काय वाचले असते?

पुष्पचक्रांचे राजकारण

आता आपल्या आजच्या राज्यकर्त्यांकडे वळू. महायुद्धाच्या शताब्दीत त्यांना हिंदी सैनिकांचा एकाएकी कळवळा आला. एप्रिल २०१५ मध्ये पंतप्रधानांनी न्यूव्ह शापेल येथे पुष्पचक्र वाहिले, जुलै २०१७ मध्ये हैफा येथे. जानेवारी २०१८ मध्ये इस्रायलच्या पंतप्रधानांच्या भेटीचा मुहूर्त साधून दिल्लीच्या तीन मूर्ती चौकाला हैफाचे नाव जोडले गेले. २३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफा घेणारे घोडेस्वार जोधपूर, म्हैसूर इत्यादी संस्थानांचे होते. ते ब्रिटिश साम्राज्याच्या हुकुमाने लढले, आणि त्यांनी जिंकलेली भूमी ब्रिटिशांच्या ताब्यात गेली. पॅलेस्टाइनच्या जनतेच्या दुर्दैवाचा एक अध्याय तेथे सुरू झाला. ती हकीकत गाळून ‘शौर्य’ तेवढे शिल्लक ठेवले, की शस्त्रखरेदीच्या मेजावर ते शोभून दिसते.

चारच वर्षांनी सूर बदलला. जानेवारी २०२२ मध्ये इंडिया गेटखालची अमर जवान ज्योत तेथून हलवून राष्ट्रीय युद्धस्मारकातील ज्योतीत मिळवण्यात आली, तेव्हा सरकारी गोटातून सांगण्यात आले की इंडिया गेटवरील नावे इंग्रजांसाठी लढलेल्यांची आहेत, ती वसाहतकाळाची खूण आहे. मग हैफाचे स्वार कोणासाठी लढले होते? परदेशात पुष्पचक्र वाहायचे असते तेव्हा तो मृत वीर, दिल्लीत ज्योत हलवायची असते तेव्हा तोच मृत गुलामीची खूण! इंडिया गेटच्या भिंतींवर १३ हजारांहून अधिक नावे आहेत. ती माणसे एका दशकात दोनदा वापरली गेली, आणि दोन्ही वेळा त्यांना कोणी काही विचारले नाही. भरतीच्या वेळीही नव्हते विचारले.

मेलेल्या जवानाचे गोडवे गाणाऱ्यांची जिवंत जवानाशी वागणूक कशी आहे? जून २०२२ मध्ये ‘अग्निपथ’ योजना आली. शेतकऱ्याच्या मुलाने चार वर्षे सैन्यात काढायची, चारांतील तिघांनी घरी परतायचे, निवृत्तिवेतन नाही. शिपाईगिरीचेही कंत्राटीकरण झाले. २०२४ मध्ये उघडकीस आले की नोकरीच्या आमिषाने नेलेले कित्येक भारतीय तरुण रशियन सैन्यात अडकले आहेत. त्यांपैकी काही मारलेही गेले. घाटावरचा दलाल संपलेला नाही. त्याने फक्त कचेरी बदलली आहे.

‘भाडोत्रीं’ची नावे आपण का शोधावी?

आपल्याच चळवळीत एक आक्षेप ऐकू येतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. काही कॉम्रेड म्हणतात : ही माणसे साम्राज्याची भाडोत्री होती. यांच्यासारख्याच शिपायांच्या बंदुका जालियनवाला बागेत झाडल्या गेल्या. आपल्या हुतात्म्यांची नावे घ्यायची सोडून त्यांची नावे कशाला?

या आक्षेपात सत्याचा अंश आहे, तो असा की या मृतांना ‘हुतात्मा’ म्हणता येणार नाही. हुतात्मा स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या कार्यासाठी आहुती देतो. हे दुसऱ्याच्या यज्ञात दुसऱ्याने टाकलेले होते. म्हणून आम्ही त्यांना हुतात्मा म्हणत नाही, वीर म्हणत नाही. साम्राज्यवादी युद्धाचे बळी म्हणतो. पण बळी आणि अपराधी यांत फरक करता येत नसेल तर वर्गीय दृष्टी कशासाठी? १९१७ मध्ये हिंदुस्थान सरकारने इंग्लंडला दहा कोटी पौंडांची ‘देणगी’ दिली. ती देणारे भाडोत्री नव्हते काय? वाळूच्या पोत्यांसाठी ताग विणून हुगळीकाठच्या गिरण्यांच्या मालकांनी युद्धात अभूतपूर्व नफा कमावला. ते कोण होते? अकरा रुपयांसाठी मेलेला भाडोत्री आणि त्याच्या मरणावर लक्षावधी कमावणारा ‘उद्योगपती’ – ही भाषा आपली नव्हे.

दुसरे असे की याच रांगांतून बंडही उठले. फेब्रुवारी १९१५ मध्ये सिंगापुरात पाचव्या लाइट इन्फंट्रीने बंड केले. ४७ जणांना भिंतीशी उभे करून जाहीरपणे गोळ्या घातल्या गेल्या. एप्रिल १९३० मध्ये पेशावरला नि:शस्त्र पठाणांवर गोळी झाडण्यास गढवाली शिपायांनी नकार दिला. त्यांचे नेते चंद्रसिंह गढवाली पुढे कम्युनिस्ट झाले. १९३९ मध्ये दुसरे युद्ध सुरू होताच लास्करांनी ब्रिटन, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलियाच्या बंदरांत काम बंद ठेवले, शेकडो तुरुंगात गेले आणि त्यांनी पगारवाढ मिळवली. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौसैनिकांनी साम्राज्याचे निशाण उतरवले. हे लोक आकाशातून पडले नव्हते. ‘व इतर’ म्हणून मोजल्या गेलेल्यांचेच ते भाऊ आणि मुलगे.

आणि कोलकात्याच्या कम्युनिस्ट चळवळीचा आरंभ आठवा. कॉम्रेड मुझफ्फर अहमद त्याच संद्वीप बेटावर जन्मले, जेथली माणसे पिढ्यान् पिढ्या जहाजांवर चढत आली. जुलै १९२० मध्ये त्यांनी ज्यांच्याबरोबर ‘नवयुग’ हे दैनिक चालवले ते काझी नझरुल इस्लाम ४९ व्या बंगाली पलटणीतून नुकतेच परतलेले हवालदार होते. खलाशांच्या बेटाचा मुलगा आणि मोडलेल्या पलटणीचा हवालदार या शहरात एका खोलीत राहिले, आणि त्यातून बंगालच्या कामगार-शेतकरी चळवळीची वाणी घडली. मग ज्यांच्यातून आपण आलो त्यांना ‘भाडोत्री’ म्हणून आपण हात झटकायचे काय?

माफी पुरेशी नाही

एप्रिल २०२१ मध्ये युद्धकबर आयोगाने नेमलेल्या समितीने आपला अहवाल दिला. हिंदी, आफ्रिकी, इजिप्ती अशा ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले. याखेरीज निदान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांचे नावाने स्मरण झालेच नाही, किंवा मुळीच झाले नाही, असे तिने नमूद केले. २२ एप्रिल २०२१ रोजी ब्रिटनचे संरक्षणमंत्री बेन वॉलेस यांनी संसदेत माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना, कबुली आली हे बरे झाले. परंतु ही माफी स्मारकांच्या विषमतेची होती, युद्धाची नव्हती. नाव कोरायचे राहिले याचे दु:ख त्यांना झाले. त्या माणसाला तेथे का नेले, याचे नाही. आयोगाच्या नोंदींत आज कित्येक नावे शोधता येतात, आणि त्याचा आपण पुरेपूर उपयोग केला पाहिजे. मात्र नाव सापडले की काम संपले असे मानणे म्हणजे त्यांच्याच दगडाला त्यांच्याच छिन्नीने थोडे अधिक सुबक करणे होय. आपल्याला नावापासून सुरुवात करायची आहे.

आपले काम

जेथे जेथे आपल्या शाखा आणि किसान सभेची ठाणी आहेत, तेथे हे काम करता येईल. त्याला मोठा पैसा लागत नाही, चिकाटी लागते.

पहिले, गावात युद्धाची पाटी किंवा स्तंभ असेल तर मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्यावा. मग घरे शोधावी. पदकाच्या कडेवर सैनिकाचे नाव, क्रमांक व पलटण कोरलेली असते. मृताच्या घरी सरकारने पाठवलेली काशाची गोल तबकडी काही देव्हाऱ्यांत अजून असेल. तिच्यावर हुद्दा नाही, फक्त नाव आहे! ज्या सरकारने घरात नाव पाठवले त्यानेच गावाच्या पाटीवर आकडा बसवला.

दुसरे, सापडलेले नाव नोंदींशी ताडून पाहावे. इंग्रजी कारकुनाने कानाला येईल तसे लिहिले आहे. खंडू, पांडू, रामा, गणू प्रत्येक पलटणीत डझनांनी आहेत. बापाचे नाव, गाव आणि तालुका जुळल्याखेरीज, आणि निदान दोन स्वतंत्र पुरावे मिळाल्याखेरीज, नाव यादीत घेऊ नये. आपली यादी शत्रूनेही खोडता कामा नये.

तिसरे, आणि हे सर्वांत महत्त्वाचे : नुसते नाव लिहू नये. जमीन किती होती, कर्ज किती, भरती कोणी केली, पाटलाने की सावकाराने. मरणाची खबर कशी आली, बायकोला निवृत्तिवेतन मिळाले का, की दिराने जमीन लाटली. म्हाताऱ्या बायकांना विचारावे. पुरुषांनी विसरलेले त्यांना जात्यावरच्या ओव्यांतून आठवते.

चौथे, मुंबईच्या गोदी व खलाशी संघटनांतील साथींनी मशीद बंदरची नावे वाचावी आणि बंगाल-आसामची नावे कोलकात्याकडे पाठवावी. नोआखाली, चितगाव, सिल्हेट आज बांगलादेशात आहेत. तेथील कामगार चळवळीच्या साहाय्याखेरीज ही यादी पुरी होणार नाही. साम्राज्याने मारलेल्यांचा शोध फाळणीच्या कुंपणाशी थांबवणे म्हणजे साम्राज्याचेच काम पुढे नेणे ठरेल. आपली मागणी अशी असावी की हेस्टिंग्जच्या मनोऱ्यापाशी, जितकी सापडतील तितकी नावे, त्या माणसांच्या स्वतःच्या भाषांत लावली जावीत; आणि जुनी भरतीची व निवृत्तिवेतनाची दप्तरे सामान्य जनतेला खुली व्हावीत.

पाचवे, आपल्या स्वतःच्या मृतांविषयी. फेब्रुवारी १९४६ मध्ये नौसैनिकांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या मुंबईच्या जनतेवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि दोनशेहून अधिक माणसे मेली. परळच्या कॉम्रेड कमल दोंदे यांचे नाव आपण घेतो. बाकीच्यांचे? त्यांत गिरणी कामगार होते, फेरीवाले होते, रस्त्यावरची पोरे होती. ‘दोनशेहून अधिक’ हा आकडाच आपल्या भाषणांतूनही फिरत राहिला, तर बसऱ्याचा दगड आणि आपले व्यासपीठ यांत फरक तो काय? गिरणगावच्या चाळी पडत आहेत. त्या काळचे साक्षीदार जवळजवळ संपले आहेत. हे काम पुढच्या वर्षावर टाकता येणार नाही.

सत्ताधारी वर्ग मृतांची बेरीज करतो, कारण बेरजेतून त्याला गौरव मिळतो आणि जबाबदारी टळते. कष्टकरी वर्गाने ती बेरीज सोडवून पुन्हा एकेक माणूस वेगळा केला पाहिजे. त्याचे नाव, त्याचे गाव, त्याचे कर्ज, त्याचा मालक. आठशे शहाण्णवांपैकी पहिले नाव कोणत्या शाखेकडून येते, याची आम्ही कोलकात्यात वाट पाहत आहोत.